हळदीच्या आदल्या दिवशी रंकाळ्यावर

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुण्याहून कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या माहेरी पोचले, तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत त्या पंधरवड्याचा एकही चौकोन मोकळा उरलेला नव्हता. चुलत बहिणीचे लग्न शनिवारी होते आणि त्याआधीच्या प्रत्येक दिवसावर काकींच्या अक्षरात काही ना काही लिहिलेले होते: सोमवारी डंकावर चटणी, मंगळवारी मामांकडचे गडगनेर म्हणजे केळवण, बुधवारी मांडव आणि मुहूर्तमेढ, गुरुवारी मुंबईचे पाहुणे, शुक्रवारी हळद. लग्नानंतरचे दिवसही सुटलेले नव्हते. रविवारी नव्या जोडप्याला घेऊन जोतिबाला जायचे होते, आणि ज्या पाहुण्यांनी खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर अजून पाहिले नव्हते त्यांना सोमवारी नृसिंहवाडीमार्गे तिकडे न्यायचे होते. हे सगळे मला हवेहवेसे होते. चटणीसाठी मिरच्या भाजताना घरभर उठणारा ठसका, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया राखत बसलेली मुले, रात्री उशिरापर्यंत चाललेली रुखवताची चर्चा, यांच्यासाठीच मी दहा दिवसांची रजा काढून आले होते. परंतु रंकाळा तलाव घरापासून चालत दहा-बारा मिनिटांवर असताना तेथील पाणपक्ष्यांना न भेटता परत जायचे, हे माझ्याने कधी झालेले नाही. म्हणून मी गुरुवारच्या सकाळचे दोन तास सगळ्यांसमोर मागून घेतले.

"जा की, पण साडेसातच्या आत या," वहिनी म्हणाली. "आठला पाहुण्यांची गाडी स्टेशनात लागते आणि दादा एकटे पुरायचे नाहीत." काकांनी मात्र आश्चर्य व्यक्त केले. मे महिन्यात तळ्यावर बघण्यासारखे काय असते, पाहुणे पक्षी तर कधीच निघून गेले, असे त्यांचे म्हणणे होते. हे पुष्कळांना वाटते आणि त्यात निम्मे सत्य आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून आपल्याकडे उतरणारे थापट्या आणि तलवार बदक यांच्यासारखे पक्षी हिमालयापलीकडच्या थंड प्रदेशांतून येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतीच्या वाटेला लागतात. त्यांचे थवे पाहायला हिवाळ्यात दुर्बिणी आणि मोठमोठे कॅमेरे घेतलेली माणसे काठावर दिसतात, आणि थवे गेले की तीही दिसेनाशी होतात. परंतु जे पक्षी येथेच जन्मतात, येथेच राहतात आणि येथेच पिल्ले वाढवतात, त्यांचा संसार मांडण्याचा काळ उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होतो. हिवाळ्यातला रंकाळा पाहुण्यांनी भरलेल्या घरासारखा असतो. मे महिन्यात मात्र घरची माणसे काय करतात ते दिसते, आणि मला तेच पाहायला जास्त आवडते.

गुरुवारी पहाटे साडेपाचला मी निघाले तेव्हा माझा नऊ वर्षांचा भाचा चपला घालून उंबऱ्यावर उभा होता. रात्री त्याने मला काही सांगितले नव्हते. "आत्या, मला पण दुर्बीण पाहिजे," एवढेच तो म्हणाला. माझ्याकडे एकच दुर्बीण होती, ८ × ४२ ची, म्हणजे आठ पटींनी जवळ दाखवणारी आणि पुढच्या भिंगांचा व्यास ४२ मिलिमीटर असलेली. ती लहान मुलाच्या गळ्यात जड होते. आम्ही ठरवले की एकाने पाहायचे आणि दुसऱ्याने त्या वेळी नुसत्या डोळ्यांनी काय दिसते ते सांगायचे. हा उपाय पुढे फार उपयोगी पडला, कारण दुर्बीण नसलेल्यालाच पाण्यावरची हालचाल आधी दिसते.

रंकाळ्याच्या काठाने पहाटे चालणे हा कोल्हापुरातल्या हजारो लोकांचा नेम आहे. आम्ही पोचलो तेव्हा राजघाटाजवळ चालणाऱ्यांची गर्दी सुरू झाली होती. कोणी हात फिरवीत होते, कोणी कठड्यावर बसून पंचगंगेच्या पाण्याविषयी आणि फुटबॉलच्या सामन्यांविषयी बोलत होते. पलीकडच्या काठावर शालिनी पॅलेसचा मनोरा धुरकट उजेडात नुकता उमटू लागला होता. जुन्या काळी येथे दगडाची खाण होती आणि तिच्यातून काढलेला काळा दगड देवळांसाठी गेला, असे आम्हाला लहानपणापासून सांगितले गेले आहे. मे महिन्यात पाणी खाली गेले की काठाचे ते काळे खडक उघडे पडतात, आणि पाण्यात उभा असलेला संध्यामठ पायथ्यापर्यंत दिसू लागतो. त्या उघड्या खडकांवर आणि ओल्या चिखलावर सकाळी सगळ्यात आधी हालचाल दिसते.

संध्यामठाजवळ पाणकावळे बसले होते, सात की आठ. त्यांतले तीन पंख दोन्ही बाजूंना पसरून स्थिर उभे होते, आणि भाच्याला वाटले की ते आजारी आहेत. पाणकावळ्याच्या पिसांत पाणी मुरते. त्यामुळे त्याचे अंग जड होऊन बुडी मारून माशाचा पाठलाग करणे त्याला सोपे जाते, परंतु बाहेर आल्यावर पंख असे वाळवावे लागतात. हे मी सांगत असतानाच काठाकाठाने हळूहळू सरकत आलेली चार बदके आमच्यासमोर आली, आणि पाणकावळ्यांचा विषय तेथेच थांबला.

ती हळदी-कुंकू बदके होती. ज्या कोणी या पक्ष्याला हे नाव दिले त्याने त्याला फार जवळून आणि फार प्रेमाने पाहिले असले पाहिजे. काळ्या चोचीचे टोक पिवळेधमक असते आणि जेथे चोच कपाळाला मिळते तेथे दोन्ही बाजूंना कुंकवाची बोटे टेकवल्यासारखे दोन तांबडे ठिपके असतात. बाकीचे अंग राखी-तपकिरी खवल्यांचे, पाय नारिंगी-तांबडे, आणि पंख किंचित उघडला की त्यावरचा हिरवा चकाकता पट्टा दिसतो. नर आणि मादी दिसायला जवळजवळ सारखीच असतात, त्यामुळे त्या चौघांत कोण कोण हे मला सांगता आले नाही. आमच्यापासून पंधरा पावलांवर त्यांनी एकेक करून डोके पाण्यात घातले आणि शेपट्या वर केल्या. हे बदक बुडी मारीत नाही. उथळ पाण्यात उलटे होऊन तळाची पाने, बिया आणि किडे चोचीने चाळून खाते, आणि म्हणून त्याला उथळ काठ लागतो. भाच्याने दुर्बीण बराच वेळ सोडली नाही. मग ती माझ्या हातात देत तो म्हणाला, "आत्या, ह्यांची हळद आपल्या आधीच झाली की."

एक बदक खाणे संपवून खडकावर चढले आणि पिसे साफ करू लागले, तेव्हा मी त्याला शेपटीच्या मुळाकडे पाहायला सांगितले. बदक पुन्हा पुन्हा चोच तेथे नेते, कारण तेथे तेलाची ग्रंथी असते, आणि ते तेल चोचीने व डोक्याने घासून ते अंगभर पसरवते. त्यामुळे पाणी आत शिरत नाही. पाणकावळा आणि बदक एकाच तळ्यात, एकाच खडकावर शेजारी उभे असूनही एक पंख सुकवतो आणि दुसऱ्याला त्याची गरज पडत नाही, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी शेजारी शेजारी पाहिले. शाळेत मी भूगोल शिकवते आणि फळ्यावर पुष्कळ काही काढून दाखवते, परंतु इतके स्पष्ट मला कधी दाखवता आलेले नाही.

पुढे पाणकणसांच्या कडेला जांभळ्या पाणकोंबड्या होत्या. एकीने देठ उपटला, पायाच्या लांब बोटांत मुठीत धरल्यासारखा धरला आणि त्याचा मऊ भाग सोलून खाल्ला. गाईम्हशींच्या मागे फिरणारे गायबगळे आले होते आणि त्यांच्या डोक्या-मानेवर विणीच्या काळातला केशरी-पिवळा रंग चढलेला होता. इतर महिन्यांत हे पांढरेशुभ्र असतात. त्यांनाही हळद लागली आहे हे मी म्हणण्याआधी भाच्याने म्हणून घेतले. ढोकरीचे रूपही असेच पालटलेले होते. एरवी मातकट दिसणाऱ्या या पक्ष्याच्या पाठीवर गडद तांबूस-किरमिजी पिसे आली होती. मधल्या पाण्यात दोन वारकरी तरंगत होते. वारकरी दिसतो बदकासारखा, पण तो पाणकोंबड्यांच्या कुळातला आहे. काळ्या अंगावर कपाळाचा पांढरा टिळा असल्यामुळे त्याला हे नाव मिळाले. हिवाळ्यात येथे त्यांचे मोठे थवे असतात. हे दोघे का मागे राहिले असतील असा प्रश्न भाच्याने विचारला आणि लगेच स्वतःच उत्तर दिले, की त्यांना येथे आवडले असेल.

तोपर्यंत साडेसहा वाजून गेले होते. आम्ही परताळ्याच्या बाजूच्या शांत कोपऱ्यात आलो होतो, जेथे चालणारे लोक कमी येतात आणि केंदाळाची, म्हणजे जलपर्णीची, एक पट्टी पाणकणसांना लागून उरलेली आहे. तेथे आम्हाला लांबून घोड्याच्या बारीक खिंकाळण्यासारखा थरथरता आवाज ऐकू आला आणि मी थांबले. हा टिबुकलीचा आवाज मी आबांच्या सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून पहिल्यांदा ऐकला होता. आबांनी उद्यमनगरातल्या फाउंड्रीत चाळीस वर्षे काम केले. रात्रपाळी सुटली की ते वाट वाकडी करून रंकाळ्यावर येत, भट्टीच्या उष्णतेने तापलेला चेहरा धूत आणि थोडा वेळ पाण्याकडे पाहत बसत. मला शाळेला सुट्टी लागली की ते आधी घरी येत, मला दांडीवर बसवीत आणि मग तळ्यावर जात. ते टिबुकलीला 'डुबी' म्हणत. आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून ते घरीच थांबले होते.

टिबुकली हा आपल्या तळ्यांवर पोहणाऱ्या सगळ्यात लहान पक्ष्यांपैकी एक, मूठभर आकाराचा आणि शेपूट नसल्यासारखा दिसणारा. विणीच्या काळात मान आणि गाल गर्द तांबूस होतात आणि चोचीच्या मुळाशी फिकट पिवळा ठिपका चमकतो. ती पाण्यात बुडी मारते आणि जेथून बुडाली तेथे वर येत नाही. लहान मुलांना ती कोठून निघणार याचा अंदाज बांधण्याचा खेळ फार आवडतो. भाच्याने पाच वेळा अंदाज बांधला आणि पाचही वेळा चुकला. सहाव्या वेळी टिबुकली निघालीच नाही. आम्ही दोघेही पाण्यावर नजर फिरवीत राहिलो, आणि मग दुर्बीण नसलेल्या त्याला केंदाळाच्या काठाशी कुजक्या गवताचा एक ढीग हलताना दिसला.

ते घरटे होते. कठड्यावरून ते वीस-पंचवीस पावलांवर, आमच्यापेक्षा खालच्या पातळीवर होते, म्हणून दुर्बिणीतून वरून पाहता येत होते. टिबुकली जमिनीवर घरटे करीत नाही. तिचे पाय शरीराच्या पार मागच्या टोकाला असतात, पोहायला आणि बुडायला उत्तम, पण चालायला जवळजवळ निरुपयोगी, आणि म्हणून ती ओल्या शेवाळाचा, कुजक्या पानांचा आणि देठांचा तराफा पाण्यावरच रचते आणि तो आसपासच्या देठांना अडकवून ठेवते. त्या तराफ्यावर ती बसलेली होती. आमची चाहूल तिला लागली असावी, कारण ती उठली, आणि त्यानंतर जे घडले ते मी आजवर दोनदाच इतक्या स्पष्टपणे पाहिले आहे. तिने उडी मारली नाही. डोके खाली घालून उजवीकडून एक ओला तुकडा उचलला आणि पोटाखाली टाकला, मग डावीकडून एक, पुन्हा उजवीकडून एक, इतक्या झपाट्याने की भाच्याला मोजता येईना. तेवढ्या वेळात मला तीन अंडी दिसली. ती पांढरी नव्हती. टिबुकलीची अंडी घातल्या वेळी पांढरी असतात, पण ओल्या पानांखाली झाकली जाऊन जाऊन काही दिवसांत तपकिरी होतात, चहाचा डाग पडलेल्या कपासारखी. सात-आठ तुकड्यांत ती झाकली गेली, घरट्याचा पुन्हा नुसता कचऱ्याचा ढीग झाला, आणि टिबुकली आवाज न करता, एक लाटही न उठवता पाण्यात शिरली.

आम्ही लगेच मागे सरलो आणि कठड्यापासून दूर, एका पिंपरणीच्या झाडाआड बसलो. अंडी झाकलेली असली तरी पक्षी फार वेळ दूर राहणे चांगले नसते. कावळे हुशार असतात, आणि माणूस जेथे बराच वेळ टक लावून पाहतो तेथे तेही पाहू लागतात. मी भाच्याला बोटाने दाखवू नकोस असे सांगितले, आणि छायाचित्र काढायला मोबाईल बाहेर काढला नाही. दहा मिनिटे गेली असतील. टिबुकली घरट्यापासून थोड्या अंतरावर वर आली, मान उंच करून तिने चारी दिशा पाहिल्या, पुन्हा बुडाली आणि थेट घरट्याच्या कडेला निघाली. छातीने वर सरकली, आच्छादन दोन-तीन झटक्यांत बाजूला केले आणि अंड्यांवर बसली. थोड्या वेळाने दुसरी आली, पहिली उतरली आणि दुसरी चढली. नर आणि मादी दोघेही आळीपाळीने अंडी उबवतात. पिल्ले अंड्यातून निघाली की त्यांच्या डोक्या-मानेवर काळे-पांढरे पट्टे असतात, आणि ती लगेच आईबापांच्या पाठीवर चढून पंखांत लपतात, हे मी सांगितले तेव्हा त्याला ते खरे वाटेना. टिबुकली आपलीच पिसे खाते आणि पिल्लांनाही भरवते, माशांच्या काट्यांपासून पोटाला त्या पिसांच्या बोळ्याचे संरक्षण मिळत असावे असे मानतात, हे तर त्याला मुळीच खरे वाटले नाही.

येथे केंदाळाविषयी लिहिल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. केंदाळ मूळचे दक्षिण अमेरिकेतले आहे, ते पाण्यावर जाड थर धरते, खाली उजेड आणि प्राणवायू पोचू देत नाही, आणि ते काढलेच पाहिजे. सांडपाण्यामुळे रंकाळ्याचे पाणी हिरवे झालेले आणि त्याच्या वासाने चौपाटीवर बसणे अशक्य झालेले दिवस आमच्या पिढीने पाहिले आहेत. त्यानंतर ज्यांनी या तळ्यासाठी हात लावले त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे. परंतु काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका तळ्यावर, मे महिन्याच्या अखेरीस, यंत्राने एका दिवसात काठापर्यंतचे सगळे केंदाळ आणि त्याबरोबर पाणकणीसही उचलून काठावर टाकलेले मी पाहिले, आणि त्या ढिगात फुटलेली अंडी होती. काम करणाऱ्या माणसांना त्यात घरटी असतात हे कोणी सांगितलेले नव्हते. हेच काम हिवाळा सरता सरता केले, आणि मे ते सप्टेंबर काठाची आपली मूळची पाणवनस्पती, पाणकणीस आणि लव्हाळे, यांची एक पट्टी हात न लावता ठेवली, तर तळेही साफ राहते आणि घरटीही राहतात. याला जास्त पैसे लागत नाहीत. कोणत्या महिन्यात काय करायचे एवढेच ठरवावे लागते. दुसरी गोष्ट, बदकांना पाव आणि चुरमुरे घालण्याची. घालणाऱ्यांच्या मनात दयाच असते, पण त्या खाण्यात पक्ष्यांना लागणारे पोषण नसते आणि उरलेले पाण्यात कुजते. हळदी-कुंकू बदकाला उथळ, स्वच्छ काठ मिळाला तर त्याला आपल्या हातचे काही लागत नाही.

घरी पोचायला पावणेआठ झाले. वहिनी काही बोलली नाही, परंतु दादा गाडी घेऊन एकटाच निघून गेला होता. मी सरळ कणीक मळायला बसले. आबा ओसरीवर होते. भाच्याने त्यांच्यासमोर उकिडवे बसून, हाताने उजवीकडून-डावीकडून गवत उचलत, टिबुकलीने अंडी कशी झाकली ते दोनदा करून दाखवले. आबांनी मध्ये काही विचारले नाही. शेवटी ते म्हणाले, "डुबी आहे होय अजून तिथं. मला वाटलं गेली सगळी."

शुक्रवारी हळद झाली. दारातला मांडव, हळदीचे वाटण, बायकांची गाणी, तांबडा-पांढरा रस्सा संध्याकाळी शिजायला घातलेला, सगळे ठरल्याप्रमाणे चालले होते, आणि साडेसहाच्या सुमारास पश्चिमेकडून वळीव आला. कोल्हापुरात मे महिन्यात वळवाचे कोणाला नवल नाही, पण मांडव दारात असताना तो आला की घर एका मिनिटात बदलते. वारा मांडवाच्या कापडात शिरला, दोन खांब हलले, पातेली आत घेण्यासाठी पंधरा माणसे धावली, आणि पाऊण तासाच्या पावसात अंगणात घोट्याएवढे पाणी झाले. पाऊस थांबल्यावर पुरुषमाणसे मांडव पुन्हा ताणू लागली. भाचा माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात त्याने विचारले की घरट्याचे काय झाले असेल.

मी त्याला जे माहीत होते ते सांगितले. ते घरटे तरंगते, म्हणून पाणी वाढले तर ते बुडत नाही, पाण्याबरोबर वर येते, आणि देठांना अडकलेले असल्यामुळे सहसा वाहून जात नाही. भीती पाण्याची नसते, वाऱ्याने उठणाऱ्या लाटांची असते, आणि आजचा वारा मोठा होता. "म्हणजे आपल्या मांडवासारखं," तो म्हणाला. तो रात्री माझ्याजवळच झोपला आणि दोनदा उठून किती वाजले ते विचारले.

लग्नाच्या दिवशी पहाटे कोणाला सांगून तळ्यावर जाणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही फक्त आबांना सांगितले. सव्वापाचला निघालो. काठावर झाडांच्या फांद्या पडलेल्या होत्या, हवा धुतलेली होती, आणि पाणी काळसर दिसत होते. परताळ्याच्या कोपऱ्यात पोचल्यावर पुरेसा उजेड होईपर्यंत थांबावे लागले. केंदाळाची पट्टी विस्कटून तिचे तुकडे झाले होते, आणि घरटे जेथे होते तेथे नव्हते. भाच्याने माझा हात घट्ट धरला. मग त्यालाच ते दिसले, जुन्या जागेपासून हातभर अंतरावर, पाणकणसाच्या दोन देठांच्या बेचक्यात अडकलेले आणि एका बाजूला कललेले. वर एक पक्षी बसलेला होता. दुसरा पाण्यात बुडत होता आणि चोचीत ओल्या पानांचा लांब धागा घेऊन वर येत होता, कललेल्या बाजूला तो ठेवीत होता, पुन्हा बुडत होता. आम्ही तेथे सात-आठ मिनिटे थांबलो असू आणि तेवढ्यात त्याने अशा दहा-बारा खेपा केल्या. घरी येऊन पाहतो तो दादा शिडीवर चढून मांडवाच्या कोपऱ्याची दोरी पुन्हा बांधीत होता.

लग्न छान झाले. जोतिबा झाला, गुलालाने माखलेले कपडे धुऊन झाले, आणि खिद्रापूरच्या स्वर्गमंडपात, छताच्या गोल उघड्या भागातून पडलेल्या उन्हात उभे राहून मुंबईच्या पाहुण्यांनी पुष्कळ छायाचित्रे काढली. तेथून परतताना नदीकाठी शेकाट्यांची एक जोडी मला गाडीच्या काचेतून दिसली, पण गाडी थांबवण्यासारखी वेळ नव्हती.

मंगळवारी माझी परतीची गाडी होती. त्या दिवशी सकाळी मी उठले तर आबा आधीच तयार होऊन बसलेले, डोक्यावर टोपी, हातात काठी. रिक्षा त्यांनीच भाच्याकडून कोपऱ्यावरून मागवली होती. परताळ्याच्या कोपऱ्याजवळ रिक्षावाल्याने थोडे आत नेऊन सोडले आणि आम्ही तिघे त्या पिंपरणीखालच्या दगडावर बसलो. आबांना दुर्बिणीची सवय नाही. घरटे सापडायला त्यांना बराच वेळ लागला. भाचा त्यांच्या कानाशी देठ मोजून सांगत होता, डावीकडून तिसरा, आबा, तिसऱ्याच्या खाली. घरटे झाकलेले होते आणि पक्षी दिसत नव्हते. मग पाणकणसांच्या मागून तो थरथरता आवाज आला, आबांनी दुर्बीण न हलवता मान किंचित तिरकी केली, आणि टिबुकली घरट्याच्या कडेला पाण्यातून वर आली. तिने आच्छादन बाजूला केले, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

"बसली," आबा म्हणाले, आणि दुर्बीण भाच्याच्या हातात दिली.